सु. ना.

निकालपत्रकात माझ्याकडे तीनच शेरे असतात.
पू. ना. म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही.
बा. म्हणजे बाद.
सु. ना. म्हणजे सुरुवातच केली नाही.
एकोणीस उन्हाळे झाले, ताम्पेरेच्या या मैदानावर
जिन्याखालच्या खोलीत बसून मी एवढंच टाइप करते.
चौथा शेरा कधी लागला नव्हता.

महिलांची तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत, सहा वाजून दहा.
यादीत बारावं नाव रिग्बे तेकेस्ते, इरिट्रिया.
बारावं पाकीट टेबलावर तसंच.
आत छातीवर लावायचा नंबर, ४१७,
आणि चार सेफ्टीपिना.

लिही ना सु. ना., पेंट्टी म्हणाला, घोडं कुठे अडलंय?

घोडं नैरोबीत अडलं होतं.
दुभाषी मुलगी, लेतेब्रहान, तिच्याच मुलखातली,
कॉफी गार होईपर्यंत सांगत राहिली:
केरेनहून बस,
अस्मारात एका सहीसाठी दहा दिवस,
मग नैरोबी, कारण आमच्या वकिलातीचं दार
तिच्या देशात उघडत नाही.
तिथे मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात फरशीवर
तेवीस रात्री.
पहाटे चारला उठून ओसाड मैदानात पळायची,
अडथळे म्हणून पाण्याची दोन पिंपं, आडवी.
फॉर्मवर एक चौकोन होता, दोन बोटं रुंद:
तुम्ही परत जाल याला आधार काय?
तिने लिहिलं, मुलगा, वय तीन. घराचं छप्पर अर्धं झालंय.
उत्तर आलं,
परतण्याचा इरादा पटत नाही.

आता खोटं कशाला बोलू,
मागच्या वर्षी त्याच संघातले दोघं परतले नव्हते.
एक माझ्या बहिणीच्या इमारतीसमोरचं बर्फ काढतो.
हसरा आहे.
पळण्याबद्दल विचारलं की गुडघा दुखतो म्हणतो.
अधिकाऱ्याच्या टेबलावर ती दोन नावं असणारच.
मी त्या खुर्चीत असते तर?
माहीत नाही.
मी जिन्याखाली बसते.

मग कागदी घोडे.
महासंघ म्हणतो व्हिसा सरकारचा,
सरकार म्हणतं स्पर्धा महासंघाची,
आमचे आयोजक म्हणतात, खोली राखून ठेवली होती की,
नाश्त्यासकट.
हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत तीन पंच बसले,
फळ्यावर आदल्या दिवशीचं कुणाचं तरी
विमाविक्रीचं गणित तसंच राहिलेलं.
फ्रॉयलर नावाचा वकील फुकट लढत होता,
टायवर जांभळा डाग, बहुधा जॅमचा.
निकाल आला रात्री अकरा चाळीसला.
बाहेर अजून उजेड होता,
जूनमध्ये आमच्याकडे असतो.
अर्जदाराला धावण्याचा हक्क आहे,
पंचांचं एकमत.
वरातीमागून घोडं, पेंट्टी म्हणाला,
आणि हसला नाही.

शर्यत तर साडेपाच तासांपूर्वीच संपली होती.
अकराजणी पाण्याच्या खड्ड्यात उतरून गेल्या, सात सात वेळा.
जी जिंकली ती सुरेखच पळाली, तिचा काय दोष.
मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आणि पत्रकात सु. ना. लिहिलं.
लिहिताना बोट की-बोर्डवर थांबलं,
कुणी पाहिलं नाही.
केरेनच्या बसथांब्यावर
कुणी पिस्तूल झाडलं नव्हतं,
कुणाच्या हातात घड्याळ नव्हतं,
एवढ्यावरून सुरुवात नाही म्हणायचं?
पण नियमात तोच शेरा बसतो.
आणि खाली सही माझीच असते.

उरलेली पाकिटं परत द्यायची असतात.
ते एक मी दिलं नाही.
स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे.
डिसेंबरमध्ये पडद्याची शिवण उसवली तेव्हा
त्यातली एक पिन काढून लावली,
तात्पुरती.
अजून तिथेच आहे.